माझ्या नावाची बिलं

पहिलं बिल दादाचं होतं. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, मोठ्या काकांचा मुलगा. इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचं त्याचं काम. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून तो दोन माणसं आणि एक मोटार टेम्पोत घालून नाशिकला यायचा आणि इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या सोसायट्यांच्या टाक्या उपसून, घासून, कोरड्या करून द्यायचा. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला सांगितलं, आधी बिल द्या, मग चेक काढतो. दादाकडे बिल नव्हतं. तो तिथून सरळ माझ्या घरी आला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली.

"तुझं ते नावाचं छापलेलं असतंय ना," तो दारातूनच म्हणाला, "त्याच्यावर दे एक लिहून."

माझ्याकडे तसा छापलेला कागद होता. मी भाषांतराचं काम करते. कारखान्यांतल्या यंत्रांवर लावायचे फलक, यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं, सुरक्षिततेच्या सूचना, हे सगळं मी इंग्रजीतून मराठीत करून देते. कंपन्यांना बिल लागतं, म्हणून मी नाव, पत्ता आणि पॅन नंबर असलेला कागद छापून घेतला होता. त्यावर मी दादाचं बिल लिहिलं. एक टाकी जमिनीखालची, एक गच्चीवरची. खाली सही केली. चेक माझ्या नावाने आला, माझ्या खात्यात जमा झाला आणि ते पैसे मी दादाला दिले. त्याला किंवा मला यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या गोतावळ्यात माझ्या नावाकडे बघायची एक रीतच होती. वडिलांकडे आणि आईकडे मिळून पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. सामाईक विहिरीवर जशी सगळ्यांची मोटार बसते, तसं माझं नाव सगळ्यांना वापरता येत असे. गावातली दोन सिमकार्डं माझ्या नावावर होती. एका चुलत बहिणीच्या शिलाई मशीनच्या हप्त्यांना मी जामीन होते. "शिकलेली हाय, तिच्या नावावर टाका," असं कोणी म्हणालं की पुढे विचार होत नसे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करायला हवं.

दादापाठोपाठ मामा आले. मामा रंगारी. त्यांचं माझ्यावर ऋण आहे ते साधं नाही. मी लहान असताना ते तालुक्यातल्या शाळांच्या भिंती रंगवायचे. पाढे, बाराखडी, स्वच्छतेची वाक्यं. मामांना अक्षरं नीट लागत नसत. मग ते मला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत न्यायचे, मी भिंतीवर खडूने अक्षरं काढायची आणि मामा ब्रशने ती भरायचे. काही शाळांत अजून माझे नऊ-दहा वर्षांच्या वयातले मोठ्या पोटाचे 'क' दिसतील. त्या भिंतींच्या मजुरीतून मामांनी माझी दहावीच्या परीक्षेची फी भरली आणि नंतर नाशिकच्या वसतिगृहाची दोन वर्षांची फी भरली. घरात कोणी विचारलं, मुलीवर एवढा खर्च कशाला, तर मामा म्हणायचे, "अर्धी मजुरी तिचीच हाय."

असे मामा समोर येऊन म्हणाले की बाई, बंगलेवाला बिल मागतोय, तर मी काय विचारणार होते?

माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत आणि फार मोठीही नाहीत. आईवडील गेले. इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं माझं घर आहे, त्यातल्या एकीत टेबल, संगणक आणि शब्दकोश. सुरुवातीला कामासाठी कंपन्यांत जावं लागायचं, यंत्र बघावं लागायचं, माणसं चहा द्यायची. पुढे सगळं ईमेलवर आलं. सोमवार ते शनिवार मी 'यंत्र चालू असताना झाकण उघडू नये' यासारखी वाक्यं लिहीत असते. त्यात समोर माणूस असतो, पण तो कोण ते माहीत नसतं. शुक्रवारी भाजीवाल्याकडे 'पाव किलो' म्हणताना घसा खाकरून घ्यावा लागायचा, कारण दोन दिवसांत तोंडातून शब्द गेलेला नसायचा.

रविवार वेगळा होता. मामा नऊला यायचे, दादा अकराच्या पुढे. आठवडाभरात जी कामं झाली त्यांची बिलं आम्ही रविवारी करायचो. मामा पलंगाच्या कडेला बसून सांगायचे, मी लिहायची.

"लिही. बाहेरून दोन हात. आतून एक हात. पुट्टी वेगळी."

"पुट्टीचे किती?"

"मागल्या वेळेला किती लावले होते?"

"मागच्या वेळी तुम्ही लावलेच नव्हते. विसरला होतात."

"मग आता दोन्ही वेळचे लाव."

"मामा, ते घर वेगळं होतं."

"घर वेगळं होतं, पुट्टी एकच होती."

लिहून झालं की मामा म्हणायचे, "वाच." मी साध्या आवाजात वाचलं की त्यांना चालायचं नाही. "बिलासारखं वाच," म्हणायचे. मग मी बसल्या जागी ताठ होऊन मोठ्याने वाचायची आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. एकदा दादा नेमका तेव्हाच दारात आला आणि म्हणाला, "लागल्या का बातम्या?" त्यानंतर दर रविवारी त्याचं तेच. "बातम्या झाल्या का मॅडम? आता माझं हवामान घ्या."

दुपारी तिघंही जेवायचो. मामी वांगी, शेंगदाणे, कधी हुलगे पाठवायची. दोनच्या सुमारास दोघं उठायचे आणि जिन्यात त्यांचा आवाज बराच वेळ ऐकू यायचा, कारण मामा उतरताना प्रत्येक मजल्यावर रंगाबद्दल काहीतरी बोलायचे. आमच्या बिल्डिंगचा रंग कसा फसवून मारलाय, हे त्यांनी मला सात वर्षांत किती वेळा सांगितलं असेल.

सात वर्षं असं चाललं.

मागच्या डिसेंबरात माझं विवरणपत्र भरणाऱ्या सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर माझं सगळं वर्ष कागदांवर पसरलेलं होतं. सर माझ्याच वयाचे, शांत. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "मॅडम, एक विचारतो. तुमचा व्यवसाय नक्की काय?"

"भाषांतर."

"मग या टाक्या?"

"त्या दादाच्या."

"आणि हे रंगकाम?"

"मामांचं."

"मला इतकी वर्षं वाटत होतं की कामं तुम्ही घेता आणि ही माणसं तुमच्याकडे मजुरीला आहेत. तुम्ही मजुरीचे आकडे द्यायचात, मी घालायचो." त्यांनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे कामं त्यांची आणि बिलं तुमची."

"हो. पण पैसे मी त्यांनाच देते, सर. दुसऱ्या दिवशीच."

"पैसे कुणाच्या खिशात गेले हा पुढचा प्रश्न आहे. बिल कुणाच्या पॅनवर आहे ते आधी बघतात. तुमच्या पॅनवर एप्रिलपासून आतापर्यंत सतरा लाख चाळीस हजारांची उलाढाल झालीये. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते. तीस दिवसांच्या आत. मग प्रत्येक बिलावर अठरा टक्के लावायचे, तुमच्याही, त्यांच्याही."

"सोसायटीवाले अठरा टक्के जास्त देणार नाहीत."

"नाहीच देणार. ते दुसरा टाकीवाला बघतील. आणखी एक योजना आहे, त्यात सहा टक्क्यांत भागतं, पण ते गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत. स्वतःच्या खिशातून भरायचे."

मी विचारलं, "मग यांनी काय करायचं?"

"यांनी?" सरांना प्रश्न कळला नाही. "यांनी स्वतःच्या नावाने बिलं द्यायची. दोघांकडे पॅनकार्ड आहे ना? मग साधा कागद पुरे. नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, सही. एकेकट्याची उलाढाल वीसच्या कितीतरी आत आहे. त्यांना नोंदणी लागत नाही. छापील कागदही लागत नाही."

मी उठले. रिक्षात बसल्यावर मला आठवलं की हे मला माहीत होतं. चार-पाच वर्षांपूर्वी लहान व्यावसायिकांसाठीची एक माहितीपत्रिका माझ्याकडे भाषांतराला आली होती. 'ज्या सेवा पुरवठादाराची एका आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल वीस लाख रुपयांपेक्षा अधिक नाही, त्यास नोंदणी बंधनकारक नाही.' हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. 'पुरवठादार' की 'देणारा' यावर एक सकाळ घालवली होती. त्याच आठवड्यातल्या रविवारी मामांचं बिल माझ्या कागदावर लिहिताना मला ते वाक्य आठवलं नव्हतं. किंवा आठवलं असेल आणि मी पुढे गेले असेन. आता नक्की सांगता येत नाही.

त्या रविवारी मी दोघांना काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारीही नाही. मी मनाशी म्हणायची, अजून अडीच लाख शिल्लक आहेत. मामांना थंडीत कामं बरी असतात, निदान ती होऊ देत. प्रत्येक बिल लिहिल्यावर मी वहीत बेरीज करायची. आकडा वर चढला की काळजी वाटायची आणि मामा दारात दिसले की ती जायची. खरं कारण मला कळत होतं. मामा आणि दादा माझ्याकडे बिलासाठी येत. आमच्या गावाकडची कामाची माणसं बहिणीकडे किंवा भाचीकडे नुसती येऊन बसत नाहीत. सणाला येतात, दुखण्याला येतात, कामाला येतात. उगाच आलं तर दोन्हीकडचे अवघडतात. बिल काढून घेतलं की त्यांना यायला काय उरणार होतं?

मी आणखी दोन गोष्टी केल्या, त्या सांगायला लाज वाटते. एके दुपारी मी सहा टक्क्यांचा हिशोब मांडून पाहिला. सगळ्यांच्या उलाढालीवर माझ्या खिशातून वर्षाला लाखाच्या पुढे जात होते. माझी स्वतःची कमाई साडेचार लाखांच्या आसपास. तरीही मी तो कागद फाडला नाही, चार दिवस टेबलावर ठेवला. घरभाडं नाही, खाणारी मी एकटी, जमेल का, असं बघत राहिले.

दुसरी गोष्ट जानेवारीतली. एका कारखान्याने मोठ्या प्रेस मशीनचं माहितीपुस्तक पाठवलं. दोनशे पानं, वर्षातलं माझं सगळ्यात मोठं काम. मी नाही म्हणून कळवलं. तब्येतीचं कारण दिलं. ते काम घेतलं असतं तर बेरीज वीसच्या जवळ गेली असती आणि मामांच्या बिलांना जागा उरली नसती. माझी तब्येत चांगली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मामा आठलाच आले. दाढी केलेली, अंगात लग्नाचा शर्ट. मागोमाग दादा, तोही लवकर.

"बस इथं," मामा मला माझ्याच घरात म्हणाले. "सिन्नरच्या एमआयडीसीत शेडचं काम मिळालं. आख्खी शेड! बाहेरून, आतून, वरचे पाइप. दोन लाख ऐंशी. नवा कागद काढ, तो जुना पिवळा पडलाय."

"मामा, वाघ मारलास," दादा म्हणाला.

"तो मॅनेजर म्हणतो, आधी पक्कं बिल, मग काम. मी म्हणलं, आमचं बिल बघा एकदा, तुमच्या कंपनीत असं बिल नसंल. पदवीधर बाई लिहिती."

मी वही उघडली नाही. अठरा लाख पन्नास हजार झाले होते, ते पाठ होतं.

"मामा, हे बिल माझ्या नावावर नाही काढता येणार."

"का? सही करायला हात दुखतो?"

"या बिलाने माझ्या नावावरची बिलं वीस लाखांच्या वर जातात. वर गेली की सरकारकडे नोंदणी करून कर लावावा लागतो."

मामांनी फक्त आकडा ऐकला. "वीस लाख?" ते दादाकडे वळले. "ऐकलं का? आपल्या पोरीचे वीस लाख झाले! अरे, पेढे आण खालून."

"अहो, माझे नाहीत ते. तुमचे, दादाचे, माझे, सगळ्यांचे मिळून. बिलावर नाव माझं असतं ना, म्हणून सगळे माझ्या नावावर मोजले जातात."

"मग चांगलंच हाय की. मोजू दे."

मी पुन्हा सांगितलं. अठरा टक्के सांगितले. सोसायटी आणि बंगलेवाले ते देणार नाहीत, हे सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज माहितीपत्रिकेसारखा व्हायला लागला, मलाच ऐकू येत होतं. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली.

"म्हणजे तुझं नाव आता आम्हाला वापरायचं नाय."

"तसं नाही, मामा."

"मग कसं? सरळ सांग ना बाई. नाव मोठं झालं. रंगाऱ्याच्या बिलाखाली बरं नाय दिसत."

सात वर्षांत मामा मला असं कधी बोलले नव्हते. मी फक्त म्हणाले, "तुमच्या नावाने बिल निघतं, मामा. कर लागत नाही, काही लागत नाही. साधा कागद चालतो. तुम्हाला माझी गरज नाही. कधीच नव्हती."

एवढं बोलून मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. मग दादाचा आवाज आला, नेहमीची थट्टा नसलेला.

"मामा, ती म्हणती ते खरं हाय. माझ्या पोरीनं मला मागल्या दिवाळीलाच माझ्या नावाचं बिलबुक छापून दिलंय. फाट्याकडच्या तीन सोसायट्यांना मी त्याच्यावरच देतो."

मी नळ बंद करून बाहेर आले.

"मग इथे कशाला काढत होतास बिलं?" मी विचारलं.

दादा खिडकीबाहेर बघत होता. "तुझ्याकडचं बरं दिसतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "दर रविवारी एखादं ठेवायचो बाजूला, इथं आणायला."

मामा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. ते मनाने मोठे आहेत, त्यांचा राग फार टिकत नाही. थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "लिही मग माझ्या नावाचं. बघू कसं दिसतंय."

मी कोरा कागद घेतला. वर मामांचं पूर्ण नाव लिहिलं, गाव, तालुका, त्यांच्या पाकिटातल्या कार्डावरून पॅन नंबर.

"नंबर काय टाकला?" मामांनी विचारलं.

"एक."

"एक नको. मॅनेजर म्हणंल, आज जन्मला काय धंदा. एकशे एक टाक."

मी एकशे एक टाकला. त्यात काही चूक नव्हती. खाली सहीची जागा आली तेव्हा सवयीने मीच पेन टेकवलं आणि उचललं. मामांनी पेन घेतलं. त्यांनी सही केली नाही, ब्रश धरतात तसं पेन धरून आपलं नाव एकेक अक्षर करत रंगवलं, वरची रेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे एका दमात. मग कागद लांब धरून बघितला.

"वाच," ते म्हणाले.

मी बिलासारखं वाचलं.

त्या दिवशी ते जेवून गेले. दादाने जाताना माझ्या वहीकडे बोट करून विचारलं, "आता काय लिहिणार त्याच्यात?" मी म्हणाले, बघू.

पुढच्या रविवारी मी नऊपर्यंत आवरून बसले. कोणी आलं नाही. येणार नाहीत हे मला माहीत होतं, तरी तांदूळ तिघांचे धुतले गेले. दहा वाजता मामांनी मोबाइलवर फोटो पाठवला, त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका बंगल्याच्या बिलाचा. खाली लिहिलं होतं, बरोबर का. बेरीज बरोबर होती. मी 'हो' लिहिलं आणि आणखी काय लिहावं ते सुचेना. त्याच्या पुढच्या रविवारी फोटोही आला नाही. बिल बरोबर येतं हे कळल्यावर विचारायचं तरी काय?

कुणी रागावलं नव्हतं. शिमग्याला मामीने पुरणाच्या पोळ्या पाठवल्या, दादाच्या टेम्पोतून. दादा वर आला नाही, खालून हाक मारली, मी पिशवी घ्यायला उतरले. त्याला पाथर्डी फाट्याला वेळेत पोचायचं होतं. "फोन करतो," म्हणाला. त्याच्या मागे टेम्पोत मोटार आणि नवा पाइप होता. धंदा बरा चाललेला दिसत होता आणि ते बघून मला मनापासून बरं वाटलं.

मार्च संपल्यावर सरांनी बेरीज केली. अठरा लाख नव्वद. "वाचलात," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तर काही प्रश्नच नाही. तुमचं एकटीचं चार-पाच लाख. निवांत राहा." मी त्यांचे आभार मानले. त्यांनी माझं भलंच केलं होतं. प्रेस मशीनच्या कंपनीला मी फोन करून पाहिला, तर त्यांनी ते काम पुण्यात कुणाला दिलं होतं. तिथल्या बाईंनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी आता बरी आहे म्हणून सांगितलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी नाशिकच्या द्वारका चौकातून जीप धरली आणि सिन्नरला गेले. मामांना कळवलं नाही. त्यांनी इतकी वर्षं न कळवता यायचं, तर मी एकदा जाऊन पाहावं, असं डोक्यात होतं. शेडचं काम चालू असेल, दुपारच्या सुट्टीत मामा सावलीला बसलेले असतील, आपण समोर जाऊन उभं राहायचं. डब्यात मी थालीपीठं घेतली होती. फाट्यावर उतरून एमआयडीसीत पोचेपर्यंत पायाखालचा रस्ता तापला होता. दोन ठिकाणी विचारल्यावर ती कंपनी सापडली.

गेटवरच्या वॉचमनने वही पुढे केली. "कुणाकडं?"

"शेड रंगवताहेत ना, त्या रंगाऱ्यांकडे."

"ते काम तर झालं. गुरुवारीच गेले ते. दुसरीकडं काम लागलं म्हणाले, तिकडं संगमनेरच्या बाजूला." त्याने माझ्याकडे, डब्याच्या पिशवीकडे पाहिलं. "काही काम होतं का?"

"नाही. त्यातले एक माझे मामा आहेत."

"असं होय. बसा की मग, उन्हाचं आलात."

त्याने आपली खुर्ची दिली आणि स्वतः गेटच्या दगडावर बसला. गेटमधून शेड दिसत होती. फिकट राखाडी, खालून कमरेइतका गडद पट्टा. पट्ट्याची कड इतकी सरळ होती की दोरी धरून मारल्यासारखी. मामा दोरी धरत नाहीत. मी फोन लावला. मामांच्या मागे कुठेतरी सिमेंटचा मिक्सर चालू होता, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "अगं, आधी सांगायचं ना! मी इकडं लांब हाय. सगळं बरं ना? काय झालं?" मी म्हणाले, काही नाही, सहज आले होते. "सहज?" त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मग म्हणाले, "शेड बघितली का? कशी हाय?" मी म्हणाले, छान आहे. कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

वॉचमन पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "तुमचे मामा हिशोबाला एकदम पक्के. स्वतःच्या हाताने बिल लिहून आणलं. आमच्या मॅनेजर साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, असं सुंदर अक्षर आजकाल कुठं बघायला मिळतं?"

त्या बिलावरचं अक्षर माझं होतं, खालचं नाव तेवढं मामांचं. मी पाणी प्यायले. थालीपीठं त्याला दिली. तो नको नको म्हणाला आणि मग घेतली. जीप अर्ध्या तासाने येते, असं त्याने सांगितलं होतं. तोवर मी तिथेच बसून होते.